स्वनिधीचं कर्ज चांगलं आहे, पण गाडा लावायचा कुठं?

बऱ्याच जणांनी विचारलंय की पीएम स्वनिधीचं, म्हणजे हातगाडीवाल्या-फेरीवाल्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेचं कर्ज घ्यावं का, खरंच मिळतं का, आणि त्यातच आमच्या शहरात आता असं बोलायलेत की महापालिकेनं स्वतःचेच पैसे बाजूला काढून अडचणीतल्या छोट्या धंद्यावाल्यांना कर्ज द्यावं. आमच्या वहिनींनी स्वनिधीचे तिन्ही टप्पे घेतलेत आणि कागदपत्रं सगळी मी केलीत, म्हणून दोन्ही गोष्टींवर एकदाच लिहून टाकतो. शहराचं नाव मुद्दाम टाकत नाही, मराठवाड्यातलंच जिल्ह्याचं ठिकाण आहे एवढं पुरे.

आधी निकाल. कर्ज म्हणून योजनेला ५ पैकी ४. महापालिकेत ज्या टेबलावर हे काम चालतं त्या टेबलाला पण ४, मनापासून. बँकेच्या शाखेला २. आणि कर्ज मिळाल्यावर महापालिका धंद्यावाल्याला रस्त्यावर जसं वागवते त्याला १ सुद्धा देऊ वाटत नाही.

वहिनींचा नाश्त्याचा गाडा आहे, ट्युशन एरियात. सकाळी पोहे, सुशीला, उप्पीट, आणि दहाच्या पुढं भजे-मिरची. गिऱ्हाईक म्हणजे नीट-जेईईची पोरं, सकाळच्या बॅचमधून सुटली की एकदम लोंढा येतो, अर्ध्या तासात निम्मा धंदा. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि पोरं गावाकडं निघून गेली, मग ज्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसायची तिथं कुत्रंसुद्धा दिसेना. गाडा महिनोनमहिने घरासमोर ताडपत्री टाकून उभा. परत सुरू करायचं म्हणलं तर गॅसची टाकी, तेलाचा डबा, पोह्याचं पोतं, शेंगदाणे, सगळं रोखीनं आणायचं, आणि उधारी देणारा किराणा दुकानदार तोच स्वतः अडचणीत.

तेव्हा आमच्याकडं पैसे उभे करायची सोपी वाट एकच होती, शंभर दिवसाची डायरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दहा हजार घेतले की हातात नऊ हजार देतात, हजार आधीच कापून घेतात, आणि मग रोज संध्याकाळी माणूस गाड्यावर येऊन शंभर रुपये घेऊन डायरीत सही करून जातो, शंभर दिवस. ऐकायला हजार रुपयेच व्याज वाटतं. पण पैसे रोज परत चाललेत, म्हणजे पूर्ण नऊ हजार तुमच्याकडं एक दिवस पण राहत नाहीत, नीट हिशोब मांडला तर वर्षाला ७५-८० टक्क्यानं पडतं. पाऊस असो, पोरांना सुट्टी असो, घरात कोणी आजारी असो, शंभर रुपये द्यायचेच.

आता स्वनिधीचा हिशोब बघा. योजना १ जून २०२० ला सुरू झाली, केंद्र सरकारच्या गृहनिर्माण आणि शहरी कामकाज मंत्रालयाची. तेव्हा पहिलं कर्ज १०,००० होतं एका वर्षासाठी, ते फेडलं की २०,००० दीड वर्षासाठी, ते फेडलं की ५०,००० तीन वर्षांसाठी. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं यात बदल केले, आता पहिलं १५,००० पर्यंत, दुसरं २५,००० पर्यंत, तिसरं ५०,००० तसंच, आणि मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली. दुसरं कर्ज फेडलेल्यांना यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड पण मिळणार आहे. तारण लागत नाही, जामीनदार लागत नाही. व्याज बँकेच्या दरानं लागतं पण त्यातलं ७ टक्के सरकार परत खात्यात टाकतं, हप्ते वेळेवर असतील तरच. बँकेचा दर १२ टक्के धरला तर १५,००० ला वर्षाचं व्याज साधारण हजाराच्या आतच बसतं आणि त्यातले पावणेसहाशेच्या आसपास परत येतात. महिन्याला हप्ता साडेतेराशेच्या आत. डायरीशी तुलना तुम्हीच करा.

वहिनींनी पहिले १०,००० घेतले तेव्हा त्यातून तेल-पोहे भरले आणि एक जुनी शेगडी बदलली. रक्कम लहान होती, पण सकाळी माल आणायला कोणाच्या पाया पडायची गरज राहिली नाही, आणि ज्या माणसानं रोज संध्याकाळी डायरी बघितलीय त्यालाच ह्याची किंमत कळते.

अर्ज करताना अडचण एकच आली आणि ती बहुतेक सगळ्यांना येते. महापालिकेच्या सर्वेक्षणात नाव पाहिजे. नाव असेल आणि विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र असेल तर सरळ अर्ज. नाव नसेल तर महापालिकेकडून शिफारसपत्र घ्यायचं, आणि सगळा खेळ ह्या शिफारसपत्राचा आहे. वहिनींचं नाव सर्वेक्षणात नव्हतं कारण सर्वे करणारे दुपारी आले असणार आणि तोवर गाडा घरी गेलेला असतो. इथं महापालिकेतल्या शहरी उपजीविकेच्या कक्षातल्या मॅडमनी जे काम केलं त्याचं कौतुक करायलाच पाहिजे, त्या स्वतः सकाळी येऊन गाडा बघून गेल्या, फोटो काढला, आधारला मोबाईल लिंक नव्हता तर आधी ते करून या म्हणून नीट समजावून सांगितलं, आणि शिफारसपत्र काढून दिलं. एक रुपया मागितला नाही. अशी माणसं आपल्या महापालिकांमध्ये आहेत, कंत्राटी पगारावर आहेत आणि अर्ध्या शहराची कामं करायलेत.

बँकेचं मात्र वेगळंच. अर्ज ऑनलाईन मंजूर झाला, शाखेत बोलावलं, आणि तिथला एक साहेब म्हणाला की दहा हजारातले दोन हजार ठेव म्हणून इथंच राहू द्या. वहिनी घाबरून हो म्हणायल्या होत्या. मी म्हणलं साहेब तारण नाही असं योजनेतच लिहिलंय, मग ठेव कशाची, लिहून द्या. लिहून द्यायचं म्हणल्यावर विषय संपला. पण जिच्याबरोबर बोलणारं कोणी नाही त्या भाजीवाल्या मावशीनं काय करायचं? बुडालेल्या कर्जाची भरपाई करायला बँकेच्या मागं केंद्राची पत हमी असताना शाखेत बसलेला माणूस हातगाडीवाल्याकडं अजून पण चोराच्या नजरेनं बघतो.

डिजिटल व्यवहारावरचा कॅशबॅक पण आहे, तेव्हा महिन्याला जास्तीत जास्त १०० रुपये होता, म्हणजे वर्षाला १,२००, नवीन बदलात १,६०० पर्यंत केलाय. मात्र त्या वेळी २५ रुपयांच्या खालचा व्यवहार धरत नव्हते आणि आमची पोह्याची प्लेट २० ची. दोन मित्र मिळून एकानं पैसे टाकले तर धरायचे, एकटा पोरगा खाऊन गेला तर नाही. नियम करणाऱ्यांनी एखादा दिवस कुठल्यातरी गाड्यावर उभं राहून बघायला पाहिजे होतं. तरी फायदा झालाच, खात्यावर रोजची आवक दिसायला लागली आणि पुढच्या कर्जाच्या वेळी बँकेनं जास्त प्रश्न विचारले नाहीत.

आता मुख्य गोष्ट, जी लिहिण्यासाठी मी एवढं बसलोय.

दुसरं कर्ज चालू असताना एका सकाळी अतिक्रमण पथकाचा टेम्पो आला. कुठलातरी दौरा होता म्हणे, रस्ता मोकळा पाहिजे. कढईत पोहे तयार होते, वाफ निघायलेली, पोरं हातात प्लेट घेऊन उभी. वहिनींनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं शिफारसपत्र काढून दाखवलं, महापालिकेचाच शिक्का असलेलं, त्यांनी हातात पण घेतलं नाही. शेगडी उचलली, टाकी उचलली, कढई तशीच गरम उचलून टेम्पोत ठेवली आणि पोहे तिथंच सांडले. कुठल्या सामानाची यादी नाही, पावती नाही. नंतर सामान सोडवायला गेलं तर आधी दंड भरा, आणि शेगडी मिळाली तिचं बर्नर गायब. त्या महिन्याचा बँकेचा हप्ता कुठून भरला माहितीये? डायरीवाल्याकडून घेऊन. ज्या सावकारीतून सोडवायला सरकारनं कर्ज दिलं त्याच सावकाराच्या दारात परत नेऊन उभं केलं, आणि तेही ज्या महापालिकेनं शिफारस दिली तिच्याच दुसऱ्या विभागानं.

हे कायद्यात बसत नाही. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे, संसदेनं केलेला. त्यात स्पष्ट आहे की सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं वाटली जात नाहीत तोवर कोणाला हटवायचं नाही. हलवायचंच असेल तर ३० दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर त्याची यादी द्यायची, नाशवंत माल मागणी केल्यावर त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यायचे असं पण लिहिलंय. नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. तुमच्या शहरात ती समिती शेवटची कधी बसली ते माहिती अधिकारात विचारून बघा.

म्हणून जेव्हा लोक म्हणतात महापालिकेनं स्वतःच कर्ज वाटावं तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे, नको. पैसे द्यायला बँका आहेत. महापालिकेकडं जे आहे ते बँकेकडं नाही, जागा आहे, पाणी आहे, रस्त्यावरची लाईट आहे, गाळे आहेत, परवाना आहे. ते द्या. गाडा एका जागी पाच वर्षं उभा राहील एवढी खात्री दिली तर वहिनींना कुठलीही बँक आपणहून कर्ज देईल, आणि ती खात्री नसेल तर पन्नास हजार देऊन पण उपयोग नाही कारण एका टेम्पोत सगळं जातं.

आणि महापालिकेकडं पैसे आहेत तरी कुठं? जकात गेली, तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तो पण बहुतेक व्यापाऱ्यांना २०१५ मध्ये माफ झाला, २०१७ ला जीएसटी आल्यापासून राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या अनुदानावर पगार निघतात. राहिली घरपट्टी, तिची वसुली कशी होते ते आपण सगळे बघतो. जी यंत्रणा घरपट्टी वसूल करू शकत नाही ती हातगाडीवाल्याचा हप्ता वसूल करणार का? करायला गेली तरी वाईट आणि नाही केली तरी वाईट. कर्ज कोणाला द्यायचं ती यादी प्रभागातून निघणार, म्हणजे नगरसेवकाच्या ऑफिसातून निघणार, हे सांगायला ज्योतिषी नको. आपल्याकडच्या जिल्हा बँकांचं काय झालं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही, ओळखीवर कर्ज गेलं आणि ठेवीदार गरीब माणूस स्वतःच्याच पैशासाठी वर्षानुवर्षं रांगेत उभा राहिला.

शिवाय माफीची वाट बघणं आलंच. २०१७ ला आणि परत २०१९ ला शेतकऱ्यांची कर्जमाफी झाली, शेतकऱ्याची गोष्ट वेगळी आहे, तिथं दुष्काळ होता आणि ती गरजेची होती असंच माझं मत आहे. पण स्वनिधीच्या वेळी पण आमच्या गल्लीत लोक म्हणायचे भरू नका, निवडणुकीत माफ होईल. काहींनी नाही भरलं. कर्ज बँकेचं होतं त्यामुळं सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब झालं आणि आता त्यांना दुसरा टप्पा पण मिळंना. हेच कर्ज महापालिकेच्या नावानं असतं तर कोणीच भरलं नसतं, आणि मग गेलेला पैसा आपल्याच नाल्यांचा आणि शाळांचा.

तरी समोरच्या बाजूनं एक गोष्ट खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. हातगाडीवाल्याला स्वनिधी आहे, मोठ्याला बँक आहे, मधल्याला कोण? आमच्या गाड्याच्या मागं एका काकूंची मेस होती, भाड्याच्या घरात, साठ-सत्तर पोरांचे डबे. शेजारी एक झेरॉक्सवाला. हे पथविक्रेते नाहीत म्हणून स्वनिधी नाही. मुद्रा ही छोट्या धंद्यांसाठीची केंद्राची कर्ज योजना आहे, त्यात शिशू ५०,००० पर्यंत आणि किशोर ५ लाखांपर्यंत, कागदावर तिथं पण तारण नाही, पण शाखेत गेलं की इन्कम टॅक्सचं रिटर्न दाखवा, उद्यमचं म्हणजे छोट्या उद्योगाचं सरकारी रजिस्ट्रेशन दाखवा, भाडेकरार दाखवा. काकूंकडं भाडेकरारच नव्हता. मेस बंद पडली ती पडलीच. अशांसाठी महापालिकेनं काहीतरी करावं हे मला पटतं, फक्त तिजोरीतून कर्ज वाटून नाही. शहरी उपजीविका अभियानात एक चांगली पद्धत होती, एका माणसाला दोन लाखांपर्यंत बँक कर्ज देणार आणि ७ टक्क्यांच्या वरचं व्याज सरकार भरणार, अर्जाची छाननी महापालिकेत. असं काही शहरापुरतं करा, व्याजाचा थोडा भार उचला, आणि धंदा खरा आहे असं बँकेला लिहून द्या. काकूंची मेस खरी आहे हे प्रभागातल्या कोणत्याही सफाई कर्मचाऱ्याला माहीत होतं, फक्त बँकेला माहीत नव्हतं.

दुसरं म्हणजे ज्यांना मदत करायची म्हणता त्यांचीच बिलं महापालिकेकडं थकलेली असतात. दिवाबत्ती दुरुस्त करणारा, बॅनर छापणारा, मंडप टाकणारा, टँकरवाला. २००६ च्या एमएसएमई म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या कायद्यात छोट्या पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे असं आहे. ४५ दिवस सोडा, माझ्या ओळखीचा एक बॅनरवाला दोन दिवाळ्या वाट बघायलाय. त्याला कर्ज नको, त्याचे पैसे द्या. महापालिकेच्या गाळ्यांचं पण तसंच, लॉकडाऊनमध्ये दुकान कुलूपबंद आणि भाड्याची नोटीस चालू. भाडं पुढं ढकललं असतं, हप्ते पाडून दिले असते तर ती पण मदतच होती, बँक नको आणि अर्ज पण नको.

आणि पाणी. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायला लागलं होतं ते साऱ्या देशानं बघितलं. त्या उन्हाळ्यात लातूरच्या हॉटेलवाल्याला, मेसवाल्याला, रसवंतीवाल्याला कोणी लाखभर रुपये कर्ज दिलं असतं तर ते सगळं टँकरमध्येच गेलं असतं. मराठवाड्यात छोटा धंदा बसतो त्याचं कारण बऱ्याच वेळा भांडवल नसतंच, नळाला पाणी नसतं, ट्रान्सफॉर्मर जळालेला असतो, समोरचा रस्ता आठ महिने खोदून ठेवलेला असतो. गिऱ्हाईक येतच नसेल तर कर्जाचा नुसता बोजा वाढतो.

आता जे अर्ज करणार आहेत त्यांच्यासाठी. आधार, बँक पासबुक, आधारला लिंक असलेला मोबाईल, गाड्यासोबतचा फोटो एवढं तयार ठेवा. अर्ज स्वतः पोर्टलवर करता येतो, जमत नसेल तर सीएससी म्हणजे ऑनलाईन सरकारी कामं करून देणाऱ्या सेंटरवर किंवा थेट महापालिकेत, पण हजार-दोन हजार घेऊन करून देतो म्हणणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. पहिलं कर्ज वेळेच्या आधी फेडलं तरी दंड नाही, फेडल्यावर बँकेकडून खातं बंद झाल्याचं पत्र घ्या, नाहीतर पुढच्या अर्जात जुनं कर्ज चालू दिसतं. ठेव, विमा असं काही शाखेत गळ्यात मारायलेत असं वाटलं तर लिहून मागा. हप्ता ज्या खात्यातून जातो त्यात आदल्या दिवशीच पैसे असू द्या, हप्ते चुकत गेले तर व्याजाची परतफेड अडकते.

वहिनींचं तिसरं कर्ज चालू आहे, ५०,००० मधून एक चांगला स्टीलचा गाडा केला आणि भज्यासाठी वेगळी शेगडी घेतली. एक पोरगी हाताखाली ठेवलीये. विक्री प्रमाणपत्रासाठी अर्ज दिलाय, जागेचा उल्लेख त्यात स्पष्ट असावा म्हणून वेगळं निवेदन पण जोडलंय, आणि पथविक्रेता समितीची बैठक घ्या म्हणून शेजारच्या सगळ्या गाडेवाल्यांच्या सह्या घेतल्यात. दोन्हीची शिक्क्यासकट पोच घेतलीये. तुम्ही पण अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका, आणि त्या पोचेची एक झेरॉक्स गाड्यावर ठेवा, टेम्पो कधी येईल सांगता येत नाही.